ऐकल्यापासून

गुरुवारी दुपारी मी वाती वळत बसले होते आणि शेजारच्या खोलीत लखनभाऊजी खोकले. दोनदा खोकायचं, तिसऱ्यांदा नुसता घसा खाकरायचा आणि मग 'ह्या' करून श्वास सोडायचा, ही त्यांची जन्माची सवय. माझ्या मांडीवरचा कापूस तसाच राहिला. भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली धडधडत चाललेली, कुकरची शेवटची शिट्टी व्हायची राहिलेली, अशा वेळी भीती वाटत नाही. फक्त वातीला दिलेला पीळ सुटला. लखनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आणि त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. उठून दाराशी गेले तर आमचे हे खुर्चीत एकटेच पेपर वाचत बसलेले. हातात फोन नव्हता, समोर कोणी नव्हतं. यांना नुसता खोकला आला होता, आणि तो भाऊजींचा आला होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही, पाणी देऊ का. ते नको म्हणाले ते मात्र त्यांच्याच आवाजात.

भाऊजींचा आवाज आमच्या घरात दर गुरुवारी सकाळी यायचा, पण तो गच्चीवर. तिथं हे एक वेगळा फोन घेऊन जायचे आणि खाली खोलीत सासूबाईंचा फोन वाजायचा. साखरबाई, त्यांचं सगळं करणारी बाई, तो त्यांच्या कानाला लावून द्यायची. सासूबाईंची नजर अधू, त्यामुळे तोंड दाखव असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आवाज असला की त्यांना माणूस पुरा असे. जिना उतरून हे खाली आले की पुन्हा आनंदराव व्हायचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, हळू आणि मोजकं बोलणारे. त्या दुपारी मात्र गच्ची नाही, फोन नाही, आणि तरी तो खोकला खुर्चीत येऊन बसला होता. मी परत येऊन कापूस हातात घेतला. वात वळेना. नेम म्हणजे नेम, म्हणून वळल्या. पण सगळ्या कुठे जाड, कुठे बारीक झाल्या.

हे सुरू कसं झालं ते आठवलं की मला वाटतं, कुणीच ठरवलं नव्हतं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन बारामतीत झालं, त्याच रात्री भाऊजी दवाखान्यातून गावी, कळसला, परत निघाले होते. शेतीला रात्रीची लाईट होती, डाळिंबाला पाणी द्यायचं होतं. रस्त्याच्या कडेला दिवे नसलेली ट्रॉली उभी होती. डॉक्टर म्हणाले, आईंना इतक्यात सांगू नका, हृदय नाजूक आहे, चार दिवस जाऊ द्या. चार दिवसांत त्यांनी तीनदा विचारलं, लखन का आला न्हाय. हे म्हणाले, अगं, त्याचा व्हिसा आला अचानक, इथिओपियाला गेला, गुलाबाच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर म्हणून. ते इतक्या सहज म्हणाले की मीसुद्धा क्षणभर त्या गुलाबांकडे पाहिलं. आमच्या भागातली पोरं जातात तिकडे. भाऊजींचंही मनात होतं. शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं, लग्नाचं वय उलटून गेलं होतं, म्हणायचे, परदेशाचा शिक्का बसला तर बघू. म्हणून सासूबाईंना ते पटलं. दहाव्याला आम्ही नरसिंहपूरला संगमावर गेलो तेव्हा मी त्यांना दर्शनाला जाते म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं, दर्शन घेतलंच. येताना अंगारा आणला. तो त्यांनी कपाळाला लावला, आणि पोरगं सुखरूप पोचलं म्हणून तिथूनच नरसिंहाला हात जोडले. मी त्यांच्या पायाशी पांघरूण नीट करत होते. मी ते बराच वेळ नीट करत राहिले.

मग चार दिवसांचे चार महिने झाले. त्या आमच्याकडेच राहिल्या, कळसला न्या म्हणाल्या की पायाचं कारण होतंच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला फाटकाशी गाठून सांगायचं, आत गेल्यावर मी शेजारी बसून राहायचं, विषय शेतावर गेला की चहा आणायचा. पाहुणा गेला की मला ताप उतरल्यासारखा थकवा यायचा. माणसं चांगली, सगळ्यांनी सांभाळून घेतलं. एवढ्या चांगल्या माणसांनी मिळून एखादी गोष्ट धरून ठेवली की ती सोडायची कुणी हेच कळत नाही. मी स्वतः कधी म्हटलं नाही की भाऊजी तिकडे आहेत. मी फक्त बोलले नाही. माझा सकाळचा मौनाचा नेम आहे, उठल्यापासून देवाला दिवा लागेपर्यंत शब्द काढायचा नाही. लग्नानंतर धरला तो आजतागायत सुटला नाही. पण या दोन वर्षांत माझ्या लक्षात येत गेलं, की दिवा लागल्यानंतरही मी दिवसभर तो नेम वाढवत नेतेय, आणि यात देवाचं काही नाही.

यांच्या फोनचं मला आधी वाईट वाटायचं, मग ऐकायची सवय झाली, आणि मग एक दिवस जिन्यात उभी राहून ऐकताना लक्षात आलं की ह्यांना ते आवडतं. आईशी आनंद म्हणून बोलायचे ते किती? औषध घेतलं का, झोप लागली का, साखरबाईला त्रास देऊ नकोस. शिकायला बारामतीला आले तेव्हाच यांनी कळसची बोली दप्तरातून काढून ठेवली होती. गच्चीवर ती परत यायची. "आये, काय करतीस? न्हाय गं, हितं थंडी हाय. आगं, हितली माणसं लई चांगली. तू कशाला रडतीस? मी काय मेलोय व्हय?" असं म्हणून भाऊजींसारखे हसायचे. आणि खाली सासूबाई लाडात यायच्या, भांडायच्या, थोरल्याची गाऱ्हाणी धाकट्याला सांगायच्या. थोरला तोंड उघडत न्हाय, सारखा दमल्यावानी दिसतो, त्याच्या बायकोचे उपास बघून मलाच भूक लागती, असलं काय काय. हे सगळं ऐकायचे आणि मान हलवायचे, गच्चीवर, कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली. आपल्याबद्दल आईला काय वाटतं हे जन्मात पहिल्यांदा त्यांना कळत होतं, आणि त्यासाठी मेलेला भाऊ व्हावं लागत होतं. त्यांना रडताना मी पाहिलं नाही. संगमावरसुद्धा नाही. तिथून घरी आल्यावर पहिला गुरुवार होता आणि लखनचा फोन करायचा होता.

हे असंच चाललं असतं. पण सासूबाईंनी नवस धरला. लखनचे पाय ह्या उंबऱ्याला लागत न्हाईत तवर मीठ न्हाय, असं नरसिंहाला बोलल्या. मला वाटलं महिनाभर चालेल. दिवाळीला तो आला नाही म्हणून भाकरी सोडली. अळणी वरईचा भात आणि दूध, एवढ्यावर ते अंग चाललं होतं. दिवाळीनंतर एकदा बोलता बोलता त्यांची जीभ जड झाली, साखरबाईला त्या आपली मेलेली बहीण समजल्या. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं मीठ उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. सासूबाईंनी विचारलं, ह्यात मीठ हाय का? ती पोर खरं बोलणारी, हो म्हणाली. गोळी तशीच राहिली. सलाईनवर चार दिवस काढून घरी आणलं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही. यांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, भातात चिमूटभर टाकत जा, तिला काय कळतंय. मी चिमूट घेतली. भाताच्या पातेल्यावर हात धरून उभी राहिले. आपले नेम मोडले तर आपण देवापुढे उभं राहू. पण दुसऱ्याचं व्रत झोपेत चोरून मोडायचं, आणि तेही अशा बाईचं, जिला आपणच त्या व्रतात ढकललंय. मी मीठ परत डब्यात टाकलं. यांना म्हटलं, मला नाही जमत. त्यांना राग आला नाही. ते नुसते म्हणाले, बरं. त्यांचं ते 'बरं' इतकं दमलेलं होतं की मला वाटलं, याच्यापेक्षा भांडले असते तर बरं.

आणि व्रताला उद्यापन असतं. हे माझ्या डोक्यातून जाईना. सोळा सोमवार असोत नाहीतर आणखी काही, कधीतरी ब्राह्मण-सवाष्ण जेवू घालून, दान देऊन ते उजवायचं असतं. म्हणून तर माणसाला धरता येतं. हे व्रत उजवायचंच नव्हतं. उंबरा होता, पाय नव्हते. रोज देवापुढे बसले की माझी जपमाळ अर्ध्यात थांबायची आणि मला दिसायचं, की सासूबाई एकेक पदार्थ सोडत चालल्यात आणि शेवटी सोडायला काही उरलेलं नाही.

खोकल्याचं मी कुणाला सांगितलं नाही, पण वैदेहीला, आमच्या लेकीला, पुण्यात बसून फोनवरच काहीतरी कळलं. बाबांचं काहीतरी बिनसलंय म्हणाली, तुम्ही दोघं दोन दिवस कुठेतरी जा. रिटायर झाल्यावर तिनं यांना दुर्बीण दिली होती, ती कपाटातच होती. तिनंच महाबळेश्वरचं सगळं ठरवलं, पक्षी दाखवणारा माणूससुद्धा. आजींना साखरबाई बघेल, डॉक्टर जवळ आहेत, मी रोज फोन करीन. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तो खोकला अजून माझ्या कानात होता. सासूबाईच उलट म्हणाल्या, "जावा की. त्येवढंच त्या थोरल्याला वारं लागंल."

बुधवारी सकाळी निघालो. फलटण सोडलं, वाई आली. पसरणीचा घाट चढताना हे म्हणाले, लहानपणी आम्ही दोघं उजनीच्या पाण्यावर अग्निपंख बघायला सायकलवर जायचो, लखन पुढे दांडीवर. एवढं बोलून थांबले. कान बंद झाले होते, म्हणून मला त्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या पाट्या. थंडी होती, पण अंगाला बरी वाटणारी नाही. ओलसर, कपड्यांत शिरून बसणारी. हॉटेलात गेल्यावर हे पलंगावर आडवे झाले ते तसेच झोपून गेले, बूट न काढता. मी त्यांचे बूट काढले. मला क्षेत्र महाबळेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं, पण उठवलं नाही. खिडकीतून झाडं दिसत होती, एकमेकांना टेकून उभी असलेली, शेवाळलेली. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावर एकटं. इतकी झाडं जवळजवळ पाहून मला विश्रांती वाटायच्या ऐवजी दमायलाच झालं.

दुसरे दिवशी गुरुवार. उजाडायच्या आधी अंघोळ करून मी निरांजन काढलं. खोलीत काही पेटवायचं नाही अशी पाटी, म्हणून गॅलरीत गेले. वात लागे आणि वाऱ्यानं विझे. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. पक्षी दाखवणारे दादासाहेब आले होते. मी निरांजन झाकून ठेवलं आणि दिवा न लावताच, म्हणजे न बोलताच, यांच्या मागून निघाले. दादासाहेब पन्नाशीचे, डोक्याला कानटोपी, पूर्वी पॉईंटवर घोडा फिरवायचे, आता पक्षी. माणूस बोलघेवडा. म्हणाले, वहिनी रागावल्यात का? हे म्हणाले, त्यांचं मौन असतं दिवा लागेपर्यंत. दादासाहेब म्हणाले, "मग सर, गिऱ्हाईक असावं तर असं. काल पुण्याचे सहा जण होते, पक्षी सोडा, माकडंसुद्धा पळाली." हे हसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्याच आवाजात हसले, आणि मला वाटलं, चला, यायचं सार्थक झालं.

जंगलात अजून अंधार जमिनीला धरून होता. दादासाहेबांनी बोटानं दाखवलं ते निळं पाखरू, नाचल्यासारखी शेपटी पसरणारं दुसरं, हे दुर्बिणीतून पाहायचे आणि मला द्यायचे, आणि मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत फांदी रिकामी झालेली असायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. पाचोळा ओला होता, पायाखाली आवाज न करणारा. आमच्या बारामतीतल्या, जळोचीच्या घरात चोवीस तास काहीतरी राखायचं असायचं, इथे काही राखायचं नव्हतं. मी नुसती चालत होते. मग एका वळणावर दादासाहेबांनी हात वर केला आणि कमरेला लटकवलेला लहानसा स्पीकर काढून दगडावर ठेवला. म्हणाले, आता गंमत बघा, हा असा दिसत नाही, झुडपातला आहे, बोलवावा लागतो. मोबाइलवर काहीतरी दाबलं. स्पीकरमधून पोकळ, गोल आवाज आला, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. हूप-हूप-हूप. थांबला. पुन्हा आला.

झुडूप हललं. तपकिरी पाखरू, भुवईवर पांढरी रेघ, चोच पिवळी आणि कोयत्यासारखी वाकलेली. ते खालच्या फांदीवर येऊन बसलं आणि त्यानं तोच आवाज काढला. स्पीकरनं उत्तर दिलं. ते आणखी जवळ आलं. दादासाहेब कुजबुजले, यांची जोडी असते सर, एकानं हाक दिली की दुसरा इतक्या पटकन ओ देतो की एकाच गळ्यातून आल्यासारखं वाटतं, आणि असा तिसरा आवाज आला की त्याला बघितल्याशिवाय राहवत नाही. पाखरू दगडाजवळ जमिनीवर उतरलं. मान वाकडी करून त्यानं स्पीकरकडे पाहिलं, मग स्पीकरच्या पलीकडे जाऊन पाहिलं. पानं उलटली. पुन्हा हाक दिली आणि पुन्हा त्याला ओ मिळाली, अगदी त्याच्या पायाशी, आणि तिथे कोणी नव्हतं. ते घाबरलेलं नव्हतं. चिडलेलंही दिसलं नाही. फक्त शोधत होतं, नीटपणे, एकेक पान. दादासाहेब म्हणाले, सर, फोटो घ्या, इतक्या जवळ रोज येत नाही.

यांनी दुर्बीण वर केलीच नाही. म्हणाले, "बंद करा ते."

"अजून जवळ येतंय सर, थांबा जरा."

"बंद करा म्हटलं ना."

दादासाहेबांनी बंद केलं आणि खांदे उडवले. लोक ह्याच्यासाठी मला घरनं उठवून आणतात आणि तुम्ही पहिलेच, असं काहीतरी पुटपुटले. स्पीकर बंद झाल्यावरही पाखरू गेलं नाही. ते हाक देत राहिलं आणि प्रत्येक हाकेनंतर थांबून ऐकत राहिलं. आम्ही निघालो तरी मागून ती हाक येत होती, आणि तिच्यानंतर रिकामी जागा. मी यांच्याकडे पाहिलं नाही. दिवा लागलेला नव्हता, त्यामुळे मला काही बोलायचंच नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या नेमाची लाज वाटली.

हॉटेलावर आल्यावर मी पुन्हा निरांजन काढलं. हे न सांगता गॅलरीत आले, स्वेटर काढला आणि दोन्ही हातांनी वाऱ्याच्या बाजूला पसरून धरला. त्या आडोशाला वात लागली. मी हात जोडले. म्हणाले, "आज गुरुवार आहे. फोन करायचाय." मी म्हटलं, आज नका करू. म्हणाले, "नाही केला तर ती वाट बघत बसेल. जेवायचीसुद्धा नाही." तेही खरंच होतं.

खोलीत रेंज नव्हती. हॉटेलच्या मागच्या चढावर, पाण्याच्या टाकीपाशी लागते असं सांगितलं, तिथे चढून गेलो. माझा उपास, आणि यांना दम लागलेला. टाकीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी फोन लावला आणि भाऊजी झाले. मी समोर उभी होते. इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. खांदे वेगळे झाले, हनुवटी वर गेली, डोळे मात्र जागच्या जागी राहिले. आये, बरी हाईस का. चढून आलोय, म्हणून दम लागलाय. हितं डोंगराचंच काम हाय. मीठ खा की गं, मी सांगतोय ना. न्हाय, ह्या वर्षी सुट्टी न्हाय गावायची. पलीकडून सासूबाईंचा आवाज बारीक बारीक ऐकू येत होता, शब्द नाहीत. मग फोन संपला. हे कट्ट्यावर बसून राहिले, हनुवटी हळूहळू खाली आली. म्हणाले, "मला आता जमत नाहीये." एवढंच. मग म्हणाले, "पण मी बंद केलं तर मग तो खरंच जाईल."

मी त्यांच्या शेजारी बसले. तेवढ्यात माझा फोन वाजला. साखरबाई म्हणाली, आजींना तुमच्याशीच बोलायचंय, यांच्याशी न्हाय. मी स्पीकर लावला नाही, पण टाकीपाशी इतकं शांत होतं की यांना सगळं ऐकू जात होतं.

सासूबाई म्हणाल्या, "पद्मा, आत्ता लखनचा फोन आल्ता. त्यो काय यायचं नाव काढंना. मी मीठ सोडलं, भाकरी सोडली. आता म्हणते पाण्याचं धरावं. दिवस मावळल्यावर पाणी न्हाय. का दिवसाचं धरू आन रातीचं पिऊ? तू सारी व्रतं केलीस, तुला ठावं हाय. कंचं धरलं म्हंजी देव ऐकंल, तेवढं सांग. तू सांगशील तसं करते."

यांनी माझा हात धरला. घट्ट. मला त्याचा अर्थ कळला. काहीतरी सांग, पाणी सोडू नका म्हण, दुसरं एखादं सोपं व्रत सांग; शनिवारी तुळशीला प्रदक्षिणा घाला म्हण, पायाला जमतील तेवढ्या. ते सांगता आलं असतं. गोष्ट अगदी छोटी होती. दोन वर्षं मी गप्प राहिले होते, कारण गप्प राहणं मला येतं. पण आज नुसतं गप्प राहून भागणार नव्हतं, बोलावं लागणार होतं. देवाचं नाव घेऊन, मेलेल्या माणसाला बोलावण्यासाठी, एका म्हातारीला व्रत द्यायचं होतं. मी हात सोडवून घेतला.

म्हटलं, "आई, कुठलंच धरू नका. लखनभाऊजी नाहीत."

"न्हाईत म्हंजी?"

"तुमचं ऑपरेशन झालं त्याच रात्री. गाडीवरून कळसला जाताना."

पलीकडे साखरबाईच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं फोन बंद झाला, कानापासून काढून पाहिला, चालू होता. यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी साधा, गहू निवडताना विचारावं तसा.

"दुसऱ्या दिवशी तू मला शिरा भरवला."

"होय."

"मी खाल्ला."

"होय, आई."

"दहावं कुठं केलं?"

"नरसिंहपूरला. संगमावर. यांनी केलं."

"आनंदानं," त्या म्हणाल्या. नाव उच्चारून थांबल्या. मग म्हणाल्या, "मंग फोनवर..." आणि प्रश्न पुरा केला नाही. दोघींनाही ते पुरं झाल्यासारखं वाटलं. नंतर त्या माझ्याशी नाही, साखरबाईशी बोलल्या, की बादली लाव. गरम नगं. साखरबाई काहीतरी म्हणाली असावी, की आत्ताच तर अंघोळ झालीय, थंडीवाऱ्याचं काय हे. "ऐकल्यापासनं असतंय सुतक," सासूबाई म्हणाल्या. "मी आत्ता ऐकलंय." फोन पलंगावर ठेवल्याचा आवाज आला. वॉकरचे पाय फरशीवर घासत गेले. मी साखरबाईला मोठ्यानं हाक मारली, माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नसेन, आणि सांगितलं, घालू दे, पण स्टुलावर बसव, धरून उभी राहा, कोमट कर, त्यांना कळू देऊ नको. मग लक्षात आलं की मी काय म्हणतेय, आणि म्हटलं, नको, थंडच दे. पाणी पडल्याचा आवाज आला. एक तांब्या. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. आमच्या सासूबाई हंबरडा फोडणाऱ्यातल्या नव्हत्याच. टाकीच्या कट्ट्यावर हे तो आवाज ऐकत होते आणि त्यांचा चेहरा कोरडा होता. दगडासारखा कोरडा. मला त्या रडण्यापेक्षा याची भीती वाटली.

धुकं टाकीपर्यंत आलं आणि परत गेलं. मग फोन उचलल्याचा आवाज झाला, सासूबाईंचे दात एकमेकांवर आपटत होते. साखरबाई मागून म्हणत होती, आजी, आधी अंग पुसा. त्या मला म्हणाल्या, "तुमी काय घाई करू नगा. फिरा तितं. तुमचं दोन वर्सामागं रडून झालंय. माझं आजपासनं हाय. मला एकटीला बसू द्या."

त्यांचा राग होता त्यात. असायलाच हवा होता, आणि तो मी माझ्यासाठी ठेवून घेतला. पण एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती मलाच सांगावी लागणार होती. मी यांच्याकडे पाहिलं. ते नको नको म्हणून मान हलवत होते, अगदी शाळेतल्या पोरानं हलवावी तशी.

म्हटलं, "आई, माझं झालं. यांचं नाही झालेलं. यांना रडायला सवडच मिळाली नाही. दर गुरुवारी फोन असायचा."

पलीकडे नुसता श्वास होता, थरथरणारा. त्या बोलल्या तेव्हा आवाज माझ्यासाठी नव्हता, ऐकणाऱ्यासाठी होता. त्यांना कळलं असावं की तो शेजारीच आहे.

"मंग घिऊन ये त्याला," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंघूळीचं पाणी मी काढून ठेवती."